आधी मुख्य वाक्य

लाटसाहेब, परवा शाळेत तुझी शोकसभा झाली आणि तिच्यात मी नापास झालो. हेडमास्तरांनी मला मुद्दाम शेवटी ठेवलं होतं, गॅदरिंगला मुख्य नाटक शेवटी ठेवतात तसं. हा माणूस आता आपल्या दोस्ताबद्दल काहीतरी भारी सांगणार म्हणून पोरं पुढे सरकून बसली होती. मी उठलो, "दामोदर गायकवाड सर" एवढं म्हणालो आणि उभाच राहिलो. पुढचं येईना. शेवटी शिपायाने पाण्याचा तांब्या पुढे केला आणि मी खाली बसलो. तू असतास तर म्हणाला असतास, वाक्यात क्रियापद नाही, अर्धा मार्क.

तिथे जे बोलता आलं नाही ते इथे लिहितो आहे. तुझा जन्म, शिक्षण, सेवेची वर्षं हे सगळं हेडमास्तरांनी वाचून दाखवलं, त्यामुळे ते माझ्या वाट्याला उरलेलं नाही. माझ्या वाट्याला उरलं आहे ते आपलं भांडण. मला वाटत होतं की ते इंग्रजीच्या व्याकरणावरून आहे. ते तसं नव्हतं, हे मला तू गेल्याच्या दिवशी कळलं. चौदा वर्षं मी एका गोष्टीवर भांडत होतो आणि तू दुसऱ्याच.

तू इंग्रजीचा, मी मराठीचा. आपल्या दोन वर्गांमधली भिंत छतापर्यंत पोचलेली नव्हती, त्यामुळे तुझी पोरं माझी कविता ऐकत आणि माझी पोरं तुझी स्पेलिंगं. मी सुस गावाहून सायकलने महाळुंग्यातून यायचो, धापा टाकत, घंटेनंतर. तू तुझ्या गावाहून, नेऱ्याहून, चालत यायचास, घंटेच्या आधी, इस्त्रीच्या शर्टात. म्हणून मी तुला लाटसाहेब म्हणायला लागलो, आणि तुला त्याचा राग येत नाही म्हटल्यावर दुसऱ्या नावाने कधी हाक मारलीच नाही.

आणि आपला जोडधंदा होता, तो तारांचा. पंचक्रोशीत कुणाला तार आली की ती इंग्रजीत असायची, आणि इंग्रजी म्हणजे तू. माणसं तो कागद पदरात, टोपीत, मुठीत धरून शाळेत यायची. वाचायचं तू आणि सांगायचं मी, अशी वाटणी आपोआप झाली होती. तू म्हणायचास, "मला सांगता येत नाही, मी फक्त वाचतो." मला मात्र सांगता यायचं, किंवा मला तसं वाटायचं. शिवाय, परगावच्या नातेवाइकाला घरी आणताना आपल्याकडे गेलेला माणूस वाटेत कधी गेलेला नसतो. तो नुसता आजारी असतो, फार तर सिरीयस असतो, आणि घराच्या दारात पोचल्यावर मग जातो. तोवर आणायला गेलेल्याने काही बोलायचं नसतं. हे काम गावोगावचे लोक हटकून माझ्याकडे द्यायचे, कारण एक चेहरा ठेवून दुसरंच बोलणं मला चांगलं जमायचं.

हौसामावशीची तार आठवते? तिची लेक कल्याणला दिली होती. तू कागद उघडलास, वाचलास, माझ्याकडे दिलास, आणि मी नेहमीच्या सवयीने सुरू झालो, "मावशी, आधी बसा. पाणी घ्या. हे बघा, माणसाच्या हातात काय असतं..."

मावशीने तिथेच गळा काढला. "माजी लेक गेली गं बया."

तू शांतपणे म्हणालास, "हौसामावशी, नातू झाला. दोघं बरी हायेत."

ती रडायची थांबली, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "आरं मुडद्या, हे सांगायची रीत झाली व्हय तुजी? जीव घेतला असतास की माजा." पुढे वर्षभर ती मला शाळेच्या फाटकाशी दिसली की पदर तोंडाला लावून हसायची.

तेव्हा तू वाक्यांच्या बाबतीत कर्मठ नव्हतास. मिश्र वाक्य शिकवताना तू सांगायचास की इंग्रजीत गौण वाक्य मुख्य वाक्याच्या आधीही चालतं, नंतरही चालतं. आधी आलं तर स्वल्पविराम द्यायचा, नंतर आलं तर बहुतेक वेळा तोही नको. उदाहरण तू रजेच्या अर्जाचं द्यायचास. 'बिकॉज माय मदर वॉज इल, आय डिड नॉट कम टू स्कूल.' मग तेच उलटून, 'आय डिड नॉट कम टू स्कूल बिकॉज माय मदर वॉज इल.' एका पोराने नुसतंच लिहिलं होतं, 'बिकॉज माय बफेलो वॉज इल.' आणि पुढे टिंब. तू ते वाक्य फळ्यावर लिहून विचारलंस, "हे कुणाच्या आधारानं उभं आहे?" पोरगं म्हणालं, "म्हशीच्या." भिंतीपलीकडे माझा वर्गही हसला, आणि मला माझा तास पुन्हा पहिल्यापासून सुरू करावा लागला.

आणि बाहेर खिडकीशी तुझी आई उभी असायची. गवताचा भारा डोक्यावर, एक हात भाऱ्याला, आणि कान आत. दुसऱ्याच्या रानातलं गवत घेऊन चालली असली तरी शाळा आली की थांबायची. एक अक्षर कळत नसताना तुझं इंग्रजी ऐकायची आणि भारा सावरून पुढे जायची. पोरं खुसखुसायची, तू मात्र शिकवणं थांबवायचा नाहीस, आणि आवाज किंचित मोठा करायचास. हे मी भिंतीपलीकडून ऐकलेलं आहे, नाकारू नकोस.

मी पहिल्यांदा तुझ्या घरी जेवलो तेव्हा तिने ताट वाढून मग विचारलं होतं, "मास्तर, तुमच्या घरी कळलं तर?" मी म्हणालो, "कळलं तर तेही येतील जेवायला." ती हसली नाही. तिने फक्त आणखी एक भाकरी तव्यावर टाकली. माझ्या घरचे कधी आले नाहीत. मी येत राहिलो.

ती गेली तो एप्रिलचा दिवस होता आणि तू पुण्याला पेपर तपासायला गेला होतास. सकाळी अंगणात झाडताना पडली आणि संपलं. वस्तीतली माणसं शाळेत आली. तुला आणायला कुणी जायचं हा प्रश्न कुणी विचारलासुद्धा नाही. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं.

त्या प्रवासाबद्दल मी मनातल्या मनात फार वर्षं स्वतःची पाठ थोपटत आलो. आज ते सांगायची लाज वाटते, पण सांगतो. पुण्यातल्या त्या शाळेच्या हॉलमध्ये तुम्ही सगळे गठ्ठे पुढ्यात घेऊन बसला होता. मी दाराशी उभा राहून हाक मारली, "दामोदर." तू वर बघितलंस. बाहेर आलास. मी म्हणालो, आईला जरा बरं नाही, तसं काळजीचं काही नाही, पण तू असलेला बरा. तू मान हलवलीस, आत गेलास, पेनाला टोपण लावलंस, गठ्ठा बांधून ताब्यात दिलास आणि आलास. काही विचारलं नाहीस. काय होतंय, डॉक्टर आला का, किती वाजल्यापासून, काहीसुद्धा नाही. मी मनात म्हटलं, वा, काय बेमालूम सांगितलं आपण, या माणसाला शंकासुद्धा आली नाही.

शिवाजीनगरच्या स्टँडवर तू अर्धा डझन मोसंबी घेतलीस. एकेक हातात घेऊन, दाबून बघून. मी शेजारी उभा राहून म्हणालो, "हे बरं केलंस, मोसंबी चांगली आजाऱ्याला."

मग एस.टी.त मी जो सुटलो तो हिंजवडीपर्यंत. औंधचा पूल, वाकड, सगळीकडे माझं तोंड चालू. गॅदरिंगला राजाची मिशी तलवारीला चिकटून निघून गेली ती गोष्ट, हेडमास्तरांच्या धोतरात बेडूक शिरल्याची गोष्ट. तुला विचार करायला सवड मिळू नये, एवढाच माझा हेतू होता. वाकडच्या पुढे तू एकदा हसलास. मला वाटलं, जिंकलो.

हिंजवडीहून आपण पायी निघालो. मारुंजीत एका घराच्या ओट्यावर म्हातारे बसले होते, ते तुला बघून उठून उभे राहिले. त्यातल्या एकाने टोपी काढली. तू मोसंबीची पिशवी माझ्या हातात दिलीस आणि पुढे चालायला लागलास. नेऱ्यापर्यंत तू पुढे आणि मी दहा पावलं मागे. घरी पोचलो तेव्हा बायकांनी वाट करून दिली. तू आईपाशी बसलास. बराच वेळ बसलास. मी पिशवी कुठे ठेवायची ते न कळून अंगणात उभा होतो.

आठ दिवसांनी तू शाळेत आलास आणि त्याच दिवसापासून आपलं भांडण सुरू झालं. नववीच्या वर्गाला तू सांगत होतास, "जे सांगायचं ते आधी सांगा. केव्हा, कुठे, का, जरी, हे सगळं मागून येऊ दे. ऐकणाऱ्याला एकदा कळलं की पुढचं ऐकायला तो मोकळा होतो." रजेच्या अर्जाचं उदाहरण तू पुन्हा कधी दिलं नाहीस. माझ्या ते लक्षात आलं होतं. पण त्यातून मी काय अर्थ काढला? मला वाटलं, पुण्यात पेपर तपासताना कुठल्यातरी शहाण्याने तुझ्या डोक्यात नवी पद्धत भरली.

म्हणून मी भिंतीपलीकडून तुला डिवचायला लागलो. आमच्या मराठीत आधी जेव्हा येतं, मग तेव्हा. आधी जर, मग तर. ऐकणाऱ्याला हाताला धरून पायरी पायरीने न्यावं लागतं. एकदा मी मोठ्याने माझ्या वर्गाला विचारलं, "पोरांनो, गोष्टीत राजा पहिल्याच वाक्यात मेला, तर राणीनं पुढं काय करायचं?"

माझा वर्ग हसला, तुझाही हसला. हसणं थांबल्यावर भिंतीवरून तुझा आवाज आला, "राणीला रडायचं असेल, तर तिला रडू द्यायचं."

मला ते फार चटकदार उत्तर वाटलं. लग्नात, बारशात, शिक्षकांच्या सहलीत मी तो किस्सा सांगत आलो. प्रत्येक वेळी लोक हसले. तू तिथे असलास तर तूही हसायचास.

अकरावीची मॅट्रिक जाऊन दहावी आली, पुस्तकं बदलली, तू बदलला नाहीस. पोरं म्हणायची, "सर, पुस्तकात दोन्ही दिलंय." तू म्हणायचास, "पुस्तकाला घाई नाही." तपासणीला आलेल्या साहेबांनी सगळ्यांसमोर सांगितलं, "गायकवाड, दोन्ही जागा बरोबर आहेत." तू उत्तर दिलंस, "व्याकरणाला आहेत, साहेब." साहेब बुचकळ्यात पडले. मीही पडलो, पण मी हसून वेळ मारून नेली, नेहमीसारखी.

आता त्या दिवसाचं सांगतो. ते तुला माहीत नाही, कारण तू गेलेला होतास.

सकाळी आंघोळीचं पाणी तापत होतं आणि तू ओट्यावर बसला होतास. शांतावहिनी आतून पाणी झालं म्हणून सांगायला आल्या, तर तू भिंतीला टेकून, डोळे मिटून. मी पोचलो तेव्हा वहिनी कोरड्या डोळ्यांनी बसल्या होत्या. मला बघून म्हणाल्या, "भावजी, सुजीला आनायला तुमीच जा. पर तिला वाटंत काय सांगू नगा. बाबांना बरं न्हाई म्हना. पोरगी हितं येऊ द्या, मग मी हाय."

तुझी लेक सुजाता पुण्यात टेलिफोन ऑपरेटर झाली, हॉस्टेलवर राहते, हे तू सगळ्या मुळशीला सांगितलं होतंस. मी एस.टी.त बसलो आणि नेहमीची तयारी करू लागलो. चेहरा कसा ठेवायचा, पहिलं वाक्य कोणतं, कुठली गोष्ट सांगायची. एकही गोष्ट आठवेना. वाकड आलं, औंध आलं, माझं डोकं रिकामं. तुझाच आवाज ऐकू येत होता, भिंतीवरून येतो तसा.

ती कामावर होती. निरोप गेल्यावर फाटकापाशी आली. "काका, तुम्ही?" म्हणाली. वहिनींनी दिलेलं वाक्य माझ्या तोंडात तयार होतं. मी म्हणालो, "सुजाता, बाबा गेले. आज सकाळी, ओट्यावर बसल्या बसल्या."

तिने फाटकाचा गज धरला. मी तिच्या खांद्यावर हात ठेवायला गेलो, तिने तो झटकला. रस्त्यावरची माणसं बघायला लागली. मला वाटलं, आपण या पोरीवर भर रस्त्यात घाव घातला.

एस.टी.त ती अर्धा रस्ता रडली. शेजारच्या बाईने काही न विचारता पाण्याची बाटली दिली. मग सुजाता विचारायला लागली. जवळ कोण होतं? आई काय म्हणाली? काल रात्री जेवले होते का? त्रास झाला का? आणि लाटसाहेब, मला प्रत्येक प्रश्नाचं खरं उत्तर देता येत होतं. वांग्याची भाजी आणि भाकरी खाल्लीस, दोन भाकरी. त्रास झाला नसावा, चेहरा शांत होता. ती विचारत होती आणि मी सांगत होतो, आणि मध्ये मध्ये आम्ही दोघंही रडत होतो. मला आयुष्यात पहिल्यांदा एका माणसाला आणताना काही रंगवावं लागत नव्हतं.

वाकडच्या पुढे ती म्हणाली, "काका, आजीच्या वेळी तुम्ही बाबांना नव्हतं सांगितलं."

मी म्हणालो, "नाही. त्याला दारात जाईपर्यंत कळलं नाही."

ती माझ्याकडे वळली. "बाबांना कळलं होतं. तुम्ही दारातून दामोदर म्हणून हाक मारली, तेव्हाच. म्हणाले, या माणसानं मला कधी नावानं हाक मारली नव्हती."

 मी विचारलं, "मग त्यानं मला विचारलं का नाही?"

"मीपण विचारलं त्यांना. ते म्हणाले, विचारलं असतं तर तो खोटं बोलला असता. मग मला त्याच्यावर परत कधी विश्वास ठेवता आला नसता. म्हणून विचारलंच नाही."

"आणि मोसंबी?"

"तुम्हाला बरं वाटावं म्हणून घेतली म्हणाले. तुमची फार धडपड चालली होती."

म्हणजे लाटसाहेब, त्या दिवशी नाटक तूच केलंस, आणि मी समोर बसलेला प्रेक्षक होतो. तुझी आई गेलेली होती, ते तुला माहीत होतं, आणि तरी तुला रडता येत नव्हतं, कारण माझ्या हिशेबाने ती अजून आजारी होती. तू मोसंबी दाबून बघत होतास. तू माझ्या मिशीच्या गोष्टीला हसलास. मी तुला आणायला गेलो होतो, आणि सांभाळून आणलंस तू मला. मी मनात म्हणत आलो होतो की माझ्यामुळे तुझी आई तुझ्यापुरती दोन तास जास्त जगली. तुझे दोन तास मी घेतले होते, हे तू मला कधी सांगितलं नाहीस. पोरांना मात्र वर्षानुवर्षं सांगत राहिलास, भिंतीपलीकडे मला ऐकू जाईल एवढ्या आवाजात.

सुजाता मारुंजीतून रडत चालली. बायका घराबाहेर आल्या, कुणी तिला पोटाशी धरलं, कुणी चार पावलं सोबत चाललं. नेऱ्याला पोचली ती सरळ वहिनींकडे गेली आणि म्हणाली, "आई, मला माहीत आहे. काकांनी सांगितलं." आणि मग तिने वहिनींना जवळ घेतलं. सकाळपासून कोरड्या बसलेल्या वहिनी लेकीच्या खांद्यावर रडल्या. लेक घरी आल्यावर तिला सावरायचं म्हणून त्यांनी स्वतःला बांधून ठेवलं होतं. त्यांना सावरणारी घरी आली.

पण वहिनींना ते तसं दिसलेलं नाही. तुला पोचवून आल्यावर त्या मला म्हणाल्या, "म्या न्हाई म्हनलं व्हतं ना, भावजी. बापाविना पोर, आन तिला रस्त्यात सांगितलंत." त्या दिवसापासून त्या माझ्याशी बोललेल्या नाहीत. पुण्यानुमोदनाला सगळे जमले, बुद्धवंदना झाली, तुझ्या फोटोपुढे मेणबत्ती लागली. वहिनींनी मला चहा दिला, कप खाली ठेवून गेल्या. मी तो प्यायलो. त्यांना काय सांगणार? ते चौदा वर्षांपूर्वीचं सांगू? त्यांना ते माहीत आहे की नाही, हेही मला माहीत नाही. तुझ्याशी भांडण संपलं, आता ते वहिनींकडे गेलं आहे, आणि या वेळी तुझी बाजू मला मांडायची आहे. मी अजून एक शब्द बोललेलो नाही.

आणि मला आता राहून राहून वाटतं की तू एकदा तरी माझ्यावर ओरडायला हवं होतंस. स्टँडवर, एस.टी.त, मारुंजीच्या रस्त्यावर, कुठेही. एवढं सांभाळून घ्यायला मी काय तुझं लेकरू होतो? पण तू सांभाळलंस, आणि त्याच्या जोरावर मी ही चौदा वर्षं तुझा दोस्त म्हणून मिरवलो. तू विचारलं असतंस, मी खोटं बोललो असतो, तर ही वर्षं मला मिळाली नसती. ती तू मला दिलीस हे मला माहीतसुद्धा नव्हतं, म्हणून तुझे आभार मानायचे राहून गेले.

एक गोष्ट मात्र तुला सांगायची राहिली आहे. मी ती शोकसभेत बोलणार होतो, आणि त्यासाठीच उभा राहिलो होतो. समोर दहावीची पोरं होती, कोपऱ्यात सुजाता होती, वहिनी नव्हत्या. ती आता लिहितो.

दामू, मी चुकलो. पुढे 'कारण' असं लिहायला घेतलं होतं. खोडून टाकलं.